अर्धी गोळी

कॉव्हेंट्री
रविवार, १२ फेब्रुवारी २००६

चि. पूर्वी,

आशीर्वाद देते. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

सव्वादोन वर्षांत तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तुझ्या फोनवरचं निरोपाचं मशीन बोललं, आणि मशीनशी मला बोलता येत नाही. पत्र बरं, मध्येच कुणी तोडत नाही. रविवारी दुपारी जुन्या कॅलेंडरांच्या मागचे मजकूर वाचायला लावून तुला मराठी शिकवलं होतं, आठवतं ना? अडलं तर मोठ्याने वाच, म्हणजे कळेल.

आमचं ठीक आहे. शाळेत मुलांना जेवण वाढायचं ते डिनर लेडीचं काम गेल्या जुलैत सोडलं. गुडघे म्हणाले, बास. तुझे बाबा अजून बस चालवतात. एकसष्ट संपत आली, पण सकाळी सहाच्या आत शर्टाला स्वतः इस्त्री करून बाहेर. माझ्या इस्त्रीवर विश्वास नाही, बत्तीस वर्षांत बसला नाही.

मंडळाच्या हळदीकुंकवाला सुलक्षणा भेटली. तिने सांगितलं की तू साउथहॅम्प्टनला आता मोठ्या पाहणीचं काम करतेस. कोणत्या समाजात किती जणांना ब्लडप्रेशर आहे, आणि त्यातल्या किती जणांचं आटोक्यात आहे, ते मोजायचं. मला तिथेच हसू आलं. बायकांना वाटलं, कौतुकाने हसते आहे. ज्या ब्लडप्रेशरच्या मशीनवरून आपलं घर फुटलं, तेच घेऊन माझी लेक आता देशाचे दंड मोजते.

त्या गोष्टीबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. पण एकदाच लिहिते. २००३ च्या दिवाळीत तू ते मशीन आणलंस, बाबांच्या दंडाला पट्टा बांधलास. वरचा आकडा एकशे ब्याण्णव, खालचा एकशे दहा. तू म्हणालीस, "आई, हा मशीन बरोबर आहे. बाबाची बीपी खूप हाय आहे. तो बस नाही चालवू शकत." ते म्हणाले, मशीन खोटं. तू त्यांच्या डेपोला पत्र लिहिलंस. तीन आठवड्यांनी डेपोच्या डॉक्टरने तपासलं तर एकशे शेहेचाळीस. सगळ्या डेपोत झालं की देवस्थळींच्या मुलीने बापाची चुगली केली आणि तीही खोटी. त्यांनी तुला दार बंद केलं, आणि मी म्हणाले, मशीन बिघडलेलं असेल, पोर घाबरट आहे.

असो. झालं गेलं.

त्यांना हे पत्र माहीत नाही. उत्तर लिहिलंस तर सुलक्षणाच्या पत्त्यावर लिही.

आई

कॉव्हेंट्री
रविवार, ५ मार्च २००६

चि. पूर्वी,

तुझं पाकीट मिळालं. आत पत्र नव्हतं, तुमच्या कामाची ती पुस्तिका होती आणि वर पिवळी चिठ्ठी. "आई, हे माझा काम आहे. तुझा बीपी किती?" एवढंच. पण मराठीत होतं. चिठ्ठी पिठाच्या डब्यावर चिकटवली होती, मग बाबा येतील म्हणून काढून डब्यात ठेवली.

पुस्तिका शब्दकोश घेऊन वाचली. चार रकाने. किती जणांना आहे, त्यातल्या किती जणांना ते माहीत आहे, किती जण औषध घेतात आणि किती जणांचं आटोक्यात आहे. शंभरांतल्या तीसेक जणांना आहे म्हणतेस, आणि दर रकान्याला माणसं गळत जातात. शेवटच्या रकान्यात पोचणारे चौथा हिस्सासुद्धा नाहीत. मी आपली शोधत होते की आपले लोक कुठे आहेत. 'इंडियन' म्हणून एक ओळ आहे. आपल्या डॉक्टरच्या दवाखान्यात, त्या सर्जरीतही तसंच, कमी मीठ खा सांगणारं पत्रक गुजरातीत आहे, पंजाबीत आहे, उर्दूत आहे. मराठीत मागितलं तर नर्स म्हणाली, "आर देअर मेनी ऑफ यू?" मी म्हटलं, दिवाळीला हॉल भरतो.

माझा आकडा विचारलास. गेल्या वेळी एकशे चौऱ्याहत्तर. सर्जरीला तो दीडशेच्या खाली हवा असतो, आणि मी काही त्यांना तो आनंद देत नाही. डॉक्टर बिचारा चांगला आहे. एका गोळीच्या दोन केल्या, दोनच्या तीन. मग लोणच्यावरून बोलला. लोणच्याची बरणी संपवतात तुझे बाबा आणि बोलणी खाते मी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

एक विचारते, सहज. समजा एखाद्या बाईच्या नावावर गोळ्या आहेत, पण आकडा उतरत नाही. ती तिसऱ्या रकान्यात का? आणि ज्याचं नावच सर्जरीच्या कागदावर कुठे नाही, असा माणूस तुमच्या तक्त्यात कुठे येतो? की येतच नाही?

उत्तराची घाई नाही.

आई

कॉव्हेंट्री
रविवार, २ एप्रिल २००६

चि. पूर्वी,

"आई, तू गोळी खरं खरं घेते का?" असं विचारलंस. आईला असे प्रश्न विचारतात का? दर महिन्याला केमिस्टकडून आणते, बॉक्सवर माझं नाव छापलेलं असतं, मिसेस एस. देवस्थळी. पुढे बोलू नको.

दुसरंच सांगायचं आहे. मी हल्ली रोज सकाळी बसने फिरते. म्हातारपणी बाई फिरायला लागली म्हणशील. तुझ्या बाबांच्याच बसने. त्यांची पहिली फेरी पूल मेडोच्या बसस्थानकापासून सुटते, मी दाराजवळच्या आडव्या सीटवर बसते, थर्मास आणि विणकाम घेऊन, शेवटापर्यंत जाते आणि तशीच परत येते. डेपोचा बायकोचा पास आहे, कुणी विचारत नाही. ते तेवढे चिडतात. "इन्स्पेक्टर बसल्यासारखी काय बसतेस?" मी म्हणते, घरात थंडी असते.

मार्चमध्ये बसचा डावीकडचा आरसा खांबाला घासला. आरसा फुटला, माणसाला काही नाही झालं. त्यांनी डेपोत सांगितलं, डोळ्यावर ऊन आलं. मार्चमध्ये सकाळी सातला कॉव्हेंट्रीत ऊन! तेही लोकांनी मानलं, कारण एकोणतीस वर्षांत त्यांच्या हातून ओरखडा उठला नव्हता. घरी आले तेव्हा डोकं धरून बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून मी जायला लागले. त्यांच्या मानेकडे बघत बसते. मान लाल दिसली की माझे टाके चुकतात. एक बाई रोज बाबागाडीत बाळ घेऊन चढते, ती मला "मॉर्निंग, लव्ह" म्हणते आणि मला तिच्याकडे बघवत नाही. उद्या यांना काही झालं तर मी काय करणार आहे? मला ब्रेक कुठे असतो तेसुद्धा ठाऊक नाही. पण निदान मी आत असेन.

तुला ते निष्ठुर वाटतात, मला माहीत आहे. तू पद्माकरकाकांना विसरलीस. त्यांना एकदा चक्कर आली, त्यांनी भाबडेपणाने डेपोत सांगितलं. बस काढून घेतली आणि हरवलेल्या छत्र्यांच्या खिडकीवर बसवलं. वर्षभर छत्र्यांना चिठ्ठ्या बांधल्या आणि माणूस संपला. तेव्हापासून यांचं एकच. झाकली मूठ सव्वा लाखाची. बीएस्सी झालेल्या माणसाने इथे येऊन कुणाकुणाचं ऐकून घेत ती बस मिळवली, पूर्वी. त्या सीटवर ते मिस्टर देवस्थळी असतात. घरात नुसते अहो.

आई

कॉव्हेंट्री
रविवार, १४ मे २००६

चि. पूर्वी,

दीड महिना लिहिलं नाही, कारण पुढचं लिहायचं म्हणजे सगळंच लिहावं लागलं असतं. आता लिहिते. वाचून फाडून टाक.

तुझं मशीन बरोबर होतं.

डेपोच्या डॉक्टरची तारीख तीन आठवड्यांनी होती. मला तेव्हा दोन वर्षांपासून गोळी चालू होती. जेवताना हे म्हणाले, "श्यामला, तुझी गोळी मला देऊन बघ ना." मी पानाच्या डब्यातला अडकित्ता घेतला, गोळी ताटलीत ठेवून मधोमध कापली. अर्धी त्यांना, अर्धी मला, प्रसाद वाटावा तशी. पुढच्या आठवड्यापासून अख्खी त्यांना. ते एकशे शेहेचाळीस माझ्या गोळीचे होते. तू खोटी नव्हतीस. तुला मी खोटी पाडली, आणि वर मशीनला नावं ठेवली. नवऱ्याची बस आणि मुलीचा शब्द, यांतलं एक निवडायचं होतं आणि मी बस निवडली. माफी मागत नाही. मागायला तोंड नाही.

मला वाटलं होतं, एकदा तपासणी झाली की बंद करू. पण बंद केलं की त्यांचं डोकं दुखायचं. मग अर्धी चालू ठेवली. माझ्या वाटणीला अर्धीच आली, तशी माझा आकडा वाढला, डॉक्टरने गोळी वाढवली, ती वाढलेली मी पुन्हा यांना दिली. एक कॅप्सूल आहे, ती काही अडकित्त्याने कापता येत नाही, म्हणून ती एक दिवस त्यांना, एक दिवस मला. आरसा फुटल्यापासून मात्र सगळ्या त्यांना. मी काहीच घेत नाही. माझा आकडा गेल्या आठवड्यात एकशे अठ्ठ्याण्णव होता आणि डॉक्टरने चौथी लिहून दिली. त्या गोळ्यांनी यांचं किती उतरतं, देव जाणे. ते मोजू देत नाहीत. म्हणतात, "मला काही झालेलं नाही, आजार तुला आहे." हे ते खोटं म्हणून म्हणत नाहीत गं. त्यांना ते आता खरंच वाटतं.

तू पत्रात लिहिलंस की उपचार घेऊन आकडा आटोक्यात आला तर बस परत मिळते, लपवलं तरच कायमची जाते. मी त्यांना सांगितलं, दुसऱ्या कुणाचं म्हणून. ते म्हणाले, "पद्माकरला मिळाली का?" देणं थांबवलं तर ते रस्त्यात कोसळतील, देत राहिले तर मी कोसळेन, आणि बोलले तर त्यांचं सगळंच जाईल. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात. माझ्यावर उडी मारायचीही वेळ येत नाही, कठड्यावर नुसती बसून आहे.

आता गंमत ऐक. एवढ्या गोळ्यांनी उतरत नाही म्हणून हॉस्पिटलने बोलावलं आहे. गुरुवारी अठराला दंडाला चोवीस तासांचं मशीन बांधणार. सकाळच्या चारही गोळ्या घेऊन या, अशी ताकीद आहे. मी ठरवलं आहे, त्या दिवशी चारही मीच घेणार. यांना एक दिवस खाडा. एकदा माझा आकडा छान आला की हे चौकशीचं शुक्लकाष्ठ सुटेल, डॉक्टरही खूश, आणि मग आपलं आधीसारखं चालू.

कुठे काही लिहू नकोस. तुला माझी शपथ आहे.

आई

कॉव्हेंट्री
रविवार, २१ मे २००६

चि. पूर्वी,

तुझं पत्र सुलक्षणाच्या घरी बुधवारीच येऊन पडलं होतं. ती लेकीकडे स्लाऊला गेली होती, काल परत आली आणि धावत घेऊन आली. लाल शाईने मोठ्या अक्षरात, "आई, चार गोळी एकदम नको घेऊ! डेंजरस आहे! फोन कर!" घरच्या पत्त्यावर तुला लिहू देता येत नव्हतं, म्हणून हे झालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

जिवंत आहे, आधी हे वाच आणि मग पुढचं.

गुरुवारी चारही घेतल्या, चहाबरोबर. हॉस्पिटलही त्यांच्याच रूटवर आहे. आडव्या सीटवर बसले. तीन-चार थांबे ठीक गेले. मग विणकामातले टाके एकमेकांत मिसळले, ती बाई "मॉर्निंग, लव्ह" म्हणाली ते लांबून ऐकू आलं, आणि पुढचं आठवतं ते बसच्या जमिनीवरचं. बाळाची दुपटी माझ्या डोक्याखाली होती. बस थांबलेली होती. तुझे बाबा गुडघ्यांवर बसून मला "श्यामला, श्यामला" म्हणत होते. भर बसमध्ये त्यांनी माझं नाव घेतलं. एकोणतीस वर्षांत वाटेत मध्येच सीट सोडून ते पहिल्यांदाच उठले होते.

ॲम्ब्युलन्सवाल्यांनी विचारलं, काय खाल्लं, काय औषध घेतलं. हे म्हणाले, "शी इज फास्टिंग. थर्सडे फास्ट." गुरुवार मी जन्मात कधी धरलेला नाही, पूर्वी. पडल्या पडल्या ऐकलं ते, आणि काही बोलले नाही. सवय.

हॉस्पिटलात माझा आकडा शंभरालाही पोचत नव्हता, ब्याऐंशी. पाय उंच करून ठेवले, सलाईन लावलं. दुपारी एक तरुण डॉक्टरीण आली. म्हणाली, रोज घेताय त्याच गोळ्यांनी आज एवढं कसं उतरलं, कळत नाही. सर्जरीतले आकडे चुकले असावेत, आपण तूर्त सगळ्या गोळ्या बंद करू. ती फाइल आणायला गेली. हे माझ्या कानाशी वाकले. मला वाटलं, विचारतील, कसं वाटतंय. ते म्हणाले, "आज चुकून दुप्पट घेतल्या असं सांग. नाहीतर ती बंद करेल."

राग आला असं लिहिलं तर ते खरं नाही. मी त्यांच्या हाताकडे बघितलं. कॉटची कड घट्ट धरून ठेवली होती. एवढा घाबरलेला माणूस मी बघितला नव्हता. सत्तावन्न वर्षांची मी, दंडात सुई, उशाशी हा माणूस, आणि त्याला अजून माझी अर्धी गोळी हवी आहे. एकाएकी माझा जीव इतका दमला की खोटं बोलायचंही त्राण उरलं नाही.

डॉक्टरीण परत आली. माझं इंग्रजी तुला ठाऊक आहे, पण वाक्य सबंध आलं. "डॉक्टर, धिस इज माय फर्स्ट डे ऑफ टॅब्लेट्स. ऑल अदर डेज, माय हजबंड टुक देम. ही ड्राइव्ज अ बस."

ती काही ओरडली नाही. माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, खुर्ची ओढली आणि पट्टा त्यांच्या दंडाला बांधला. त्यांनी दंड मागे घेतला नाही. दोनशे दहा आणि एकशे सोळा. आदल्या दिवसापर्यंत माझ्या गोळ्या चालू असताना.

बस गेली. तूर्त, असं ती म्हणाली. दोन-तीन महिने स्वतःच्या नावावर औषध घ्या, आकडा उतरला की पुन्हा तपासणी, मग परत मिळू शकते, डेपोला मी तसं कळवते. तू लिहिलं होतंस तेच, शब्दाला शब्द. यांनी ऐकून घेतलं. बसची किल्ली खिशात राहिली होती, ती डेपोचा माणूस संध्याकाळी घेऊन गेला.

तेव्हापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. शुक्रवार गेला, शनिवार गेला. सकाळी पाचला उठतात, शर्टाला इस्त्री करतात, घालतात आणि खिडकीशी बसतात. आपल्या गल्लीच्या टोकावरून बस जाते, ती गेली की घड्याळ बघतात. मी चहा ठेवते, गार होतो, उचलते. तुझ्या वेळचं ते बंद दार आठवलं. या वेळी मी दाराच्या आत आहे, एवढाच फरक. ओट्यावर दोन बॉक्स आहेत, एकावर माझं नाव, एकावर त्यांचं. त्यांचा बॉक्स दोन दिवस उघडलाच नव्हता. मला वाटलं, आता हा माणूस छत्र्यांच्या खिडकीवर जाऊन बसला, मीच नेऊन बसवला.

आज सकाळी मी भाजी चिरत होते. ते स्वयंपाकघरात आले. स्वतःच्या बॉक्समधून एक गोळी काढली, ताटलीत ठेवली, पानाचा डबा उघडून अडकित्ता काढला आणि ताटलीसकट माझ्यापुढे सरकवला. अडीच वर्षांची सवय, दुसरं काय.

मी म्हटलं, "अहो, ही तुमची आहे. अख्खी घ्यायची."

त्यांनी गोळी उचलली. मग घेतली. पाणी प्यायले. अडकित्ता जागेवर ठेवला आणि खिडकीशी जाऊन बसले.

त्यानंतर मी हे पत्र लिहायला बसले, जेवणाच्या टेबलावर, उघड. ते मागून येऊन उभे राहिले, मी हात ठेवून झाकलं नाही. तू खोटी नव्हतीस हे मी त्यांच्यादेखत पुन्हा एकदा लिहिते. तू खोटी नव्हतीस. त्यांनी वाचलं असणार. ड्रॉवरमधून पाकीट काढलं आणि समोर बसून त्यावर तुझं नाव घातलं.

पाकिटावरचं अक्षर माझं नाही, हे तू उघडतानाच ओळखलं असशील. नाव सांगायची गरज नव्हती, पुढचा पत्ता मी सांगणार होते. पण त्यांचं पेन कुठे थांबलंच नाही. तुझा पोस्टकोडसुद्धा त्यांना पाठ होता.

आई